कुठल्या आठवड्यात?

बाळात जन्मजात व्यंग आहे असं कळलं की आईच्या मनात पहिला प्रश्न येतो, "माझं काय चुकलं?" ती तो बोलून दाखवतेच असं नाही. आजूबाजूचे मात्र बोलतात. जड उचललं असेल, प्रवास केला असेल, जिन्यावरून घसरली असेल, उगाच रडत बसली असेल. घरात एकदा अशी यादी सुरू झाली की तिला अंत नसतो, आणि बाळाकडे बघायला हवं तेव्हा सगळं घर आईकडे बघत बसतं.

या प्रश्नाला "नशिबाचा खेळ आहे, मनाला लावून घेऊ नकोस" यापेक्षा चांगलं उत्तर आहे, आणि ते गर्भाच्या वाढीच्या तारखांमध्ये आहे. प्रत्येक अवयव घडण्याचा काळ ठरलेला असतो. व्यंग कुठल्या आठवड्यात झालं असणार हे समजलं की निम्मे आरोप जागच्या जागी गळून पडतात. त्याच तारखा हेही सांगतात की टाळता येण्यासारखं काय होतं, उपचार कधी सुरू व्हायला हवेत आणि कुठला दिवस हातचा जाऊ देऊ नये. जन्मजात व्यंगांविषयी एकच गोष्ट शिकायची असेल, तर हे कॅलेंडर वाचायला शिकावं असं मला वाटतं.

आधी आवाका पाहू. दर १०० बाळांमागे साधारण ३ बाळांत एखादं मोठं व्यंग असतं. हृदयाचे दोष सगळ्यांत जास्त, दर १००० जन्मांमागे ८ ते ९. दुभंगलेला ओठ किंवा टाळू सुमारे ७०० मध्ये एका बाळात, आणि आत वळलेलं पाऊल, म्हणजे क्लबफूट, साधारण हजारात एका बाळात. काहींचं कारण गुणसूत्रांत सापडतं, काहींचं एखाद्या जनुकात, काहींचं आईच्या आजारात, औषधात किंवा संसर्गात. पण जवळजवळ निम्म्या बाळांमध्ये सगळ्या तपासण्या करूनही नेमकं एक कारण हाती लागत नाही. "कारण सापडलं नाही" म्हणजे "आईने काहीतरी लपवलं" असा अर्थ कुणी काढत असेल, तर त्याला तिथेच थांबवायला हवं.

तारखा मोजताना एक गोंधळ नेहमी होतो. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. गर्भ प्रत्यक्षात सुरू होतो त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. इथून पुढे दिलेले दिवस गर्भधारणेपासूनचे आहेत. २२व्या दिवसाच्या आसपास हृदयाची नळी धडधडू लागते. त्याच सुमारास पाठीच्या बाजूला एक चपटी पट्टी दोन्ही कडांनी वर उचलली जाते, कडा एकमेकींना भेटतात आणि नळी तयार होते. ही मज्जानलिका, म्हणजे पुढे होणारा मेंदू आणि मज्जारज्जू. तिचं डोक्याकडचं तोंड २५व्या-२६व्या दिवशी मिटतं आणि कमरेकडचं २८व्या दिवसापर्यंत. हाताचे अंकुर चौथ्या आठवड्यात फुटतात, पायांचे त्यानंतर एक-दोन दिवसांनी, आणि आठव्या आठवड्याअखेर बोटं सुटी झालेली असतात. वरचा ओठ सातव्या आठवड्यापर्यंत जुळतो, टाळू बाराव्यापर्यंत. म्हणून सातव्या महिन्यात बादली उचलल्यामुळे ओठ दुभंगला, हे म्हणणं शक्यतेच्याच बाहेरचं आहे. तो ओठ जुळला की नाही याचा निकाल कित्येक महिने आधीच लागलेला होता.

याला अपवाद आहेत आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवेत. मेंदू, कान आणि डोळे नऊही महिने घडत असतात. त्यामुळे दारू, आयोडीनची कमतरता आणि काही विषाणू उशिरानेही इजा करू शकतात. रक्तदाबाची, नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली औषधं सगळ्यांत जास्त नुकसान करतात ती दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीत, बाळाच्या मूत्रपिंडांचं. म्हणजे पहिले तीन महिने पार पडले की कुठलंही औषध चालेल, असंही नाही.

हे कॅलेंडर माणसाला फार महागात शिकावं लागलं. १९४१ साली सिडनीचे नेत्रशल्यविशारद नॉर्मन ग्रेग यांच्याकडे मोतीबिंदू असलेली तान्ही मुलं एकामागून एक येऊ लागली. चौकशी केल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जवळपास सगळ्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता. साधा ताप, अंगावर पुरळ, तीन दिवसांत बरा होणारा आजार. तोवर समजूत अशी की वार बाळाला बाहेरच्या सगळ्यांपासून जपते. ग्रेग यांच्या निरीक्षणाने ती समजूत मोडली. पहिल्या १२ आठवड्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपण आणि हृदयदोष यांपैकी काही ना काही होण्याची शक्यता फार मोठी असते. २० आठवड्यांनंतर ती अगदी कमी उरते.

दुसरा धडा थॅलिडोमाइडचा. हे औषध पश्चिम जर्मनीत ऑक्टोबर १९५७ मध्ये बाजारात आलं. झोपेसाठी आणि गरोदरपणातल्या मळमळीसाठी ते सुरक्षित म्हणून दिलं गेलं आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेतलं गेलं. मधल्या काळात जगभरात १०,००० हून अधिक मुलं हातपाय आखूड असलेली किंवा नसलेलीच जन्मली. गर्भधारणेनंतर साधारण २० ते ३६ या दिवसांत घेतलेल्या गोळ्यांनीच हे घडलं. या काळाच्या सुरुवातीला घेतली तर कान, थोडी पुढे घेतली तर हात, त्याहून पुढे पाय. त्या खिडकीबाहेर त्याच गोळ्या घेतलेल्या बायकांची मुलं धडधाकट निघाली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकाऱ्यांनी पुरावा अपुरा आहे म्हणून परवानगी अडवून धरली, कंपनीचा रेटा असूनही. गरोदर स्त्रीला द्यायच्या औषधाकडे आज जी कठोर नजर लावली जाते, तिची सुरुवात इथली आहे.

आता टाळण्याच्या भागाकडे येऊ. इथेच कॅलेंडर सगळ्यांत जास्त उपयोगी पडतं आणि इथेच ते सगळ्यांत जास्त दुर्लक्षिलं जातं. मज्जानलिका २८व्या दिवशी मिटते. पाळी चुकते साधारण १४व्या दिवशी. म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात आल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. त्यात तपासणी करायची, डॉक्टरांची वेळ घ्यायची. पहिली भेट बहुतेकदा पाळीपासूनच्या आठव्या आठवड्यात होते, आणि तिथे फॉलिक अ‍ॅसिड लिहून दिलं जातं तेव्हा नळी मिटून दोन आठवडे झालेले असतात. गोळी चांगलीच आहे, रक्तासाठी घ्यावीच, पण नळी नीट न मिटल्याने होणाऱ्या पाठीच्या दोषापुरती तिची वेळ टळून गेलेली असते. म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधी, शक्य असेल तर दोन-तीन महिने आधी सुरू करावं आणि १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत चालू ठेवावं. जगातली जवळपास निम्मी गरोदरपणं ठरवून झालेली नसतात. त्यामुळे गरोदर राहण्याची शक्यता असलेल्या प्रत्येक स्त्रीने ती रोज घ्यावी हा सल्ला दिला जातो, आणि कित्येक देशांनी पिठातच फॉलिक अ‍ॅसिड मिसळायचा कायदा केला तो त्याचमुळे. अमेरिकेत १९९८ पासून दर १०० ग्रॅम पिठात १४० मायक्रोग्रॅम घातलं जातं.

आधीच्या बाळाला असा दोष असेल तर मात्रा दसपट, रोज ४ मिलिग्रॅम. काही देशांत ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, तीच दिली जाते. हा आकडा १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीतून आला. ७ देश, ३३ केंद्रं आणि आधी असं बाळ झालेल्या १८१७ स्त्रिया. फॉलिक अ‍ॅसिड घेतलेल्यांमध्ये ६ बाळांना दोष झाला, न घेतलेल्यांमध्ये २१ बाळांना. ७२ टक्के घट इतकी स्पष्ट होती की चाचणी मध्येच थांबवावी लागली. एक चूक मात्र जिवावर बेतू शकते: ४ मिलिग्रॅम भरण्यासाठी मल्टिव्हिटॅमिनच्या दहा गोळ्या घेऊ नयेत. त्यातून अ जीवनसत्त्वाची मात्रा इतकी वाढते की तेच बाळाला अपाय करतं. जास्त मात्रेची गोळी निव्वळ फॉलिक अ‍ॅसिडची हवी.

आणि त्या ६ बाळांकडेही बघायला हवं. त्यांच्या आयांच्या गटाला गोळी मिळाली होती, तरीही दोष झाला. फॉलिक अ‍ॅसिड धोका कमी करतं, शून्यावर आणत नाही. "तू गोळ्या नीट घेतल्या नसशील" असं कुणी म्हणायच्या आधी ही संख्या आठवावी.

औषधांच्या बाबतीत सगळ्यांत अवघड जागा अपस्माराची, म्हणजे फिट्सची. व्हॅल्प्रोएट हे फिट्सवरचं प्रभावी औषध आहे, पण गरोदरपणात ते चालू असेल तर १०० पैकी सुमारे १० बाळांत मोठं व्यंग आढळतं, आणि त्याहून कितीतरी जास्त मुलांना पुढे शिकण्यात, बोलण्यात अडचणी येतात. हे कळल्यावर घाबरून औषध एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं, कारण लागोपाठ येणाऱ्या फिट्स आईचाही जीव घेऊ शकतात. बदल करायचा तो गर्भधारणेच्या आधी, मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, हळूहळू. मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन थांबवल्यावर किमान एक महिना थांबावं लागतं, तर सोरायसिसवरचं अ‍ॅसिट्रेटिन शरीरात इतकं रेंगाळतं की तीन वर्षं. नेहमीचं कुठलंही औषध चालू असलेल्या मुलीने मूल हवं असं ठरवताच, पाळी चुकण्याच्या आधी, सगळ्या गोळ्यांची यादी घेऊन डॉक्टरांकडे जावं.

मधुमेहाचंही तसंच. साखर वाढलेली असेल तर हृदय आणि पाठकणा घडण्याच्या आठवड्यांतच नुकसान होतं. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी, शक्यतो ६.५च्या खाली आणून मग गर्भधारणा झाली तर धोका बराच उतरतो. रुबेलाची लस गर्भधारणेच्या किमान एक महिना आधी घ्यायची, गरोदरपणात घेता येत नाही. दारूचा कुठलाही घोट सुरक्षित म्हणून सांगता येत नाही, कुठल्याही महिन्यात. सीएमव्ही या विषाणूबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. तो लहान मुलांच्या लाळेतून आणि लघवीतून पसरतो, आणि जन्मजात बहिरेपणाच्या मोठ्या कारणांपैकी एक आहे. घरात दोन-तीन वर्षांचं मूल असताना पुन्हा गरोदर असलेल्या आईने त्याचा उष्टा चमचा तोंडात घालू नये, लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत आणि पापी ओठांऐवजी कपाळावर घ्यावी. एवढ्यानेही फरक पडतो.

तपासण्यांबद्दल थोडक्यात. ११ ते १४ आठवड्यांची सोनोग्राफी आणि रक्तचाचणी शक्यता सांगते, निदान करत नाही. आईच्या रक्तातल्या बाळाच्या डीएनएची चाचणीही शक्यताच सांगते, फक्त जास्त नेमकी. पक्कं निदान वारेचा किंवा गर्भजलाचा नमुना तपासूनच होतं. १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी अवयव बघते. तिला पाठकणा, हृदयाचे चार कप्पे, ओठ चांगले दिसतात. नुसती दुभंगलेली टाळू, हृदयाच्या पडद्यातलं बारीक छिद्र आणि बहिरेपण तिच्या नजरेतून निसटतं. अहवाल "नॉर्मल" येऊनही बाळात दोष निघाला तर प्रत्येक वेळी तो हलगर्जीपणा नसतो.

बाळ जन्मलं की आठवडे संपतात आणि तास सुरू होतात. हृदयाचे काही गंभीर दोष पहिल्या दिवशी दिसतच नाहीत, कारण गर्भातली एक रक्तवाहिनी, डक्टस, अजून उघडी असते आणि ती रक्ताला आडवाटेने नेत असते. दोन-तीन दिवसांत ती मिटते आणि तोवर गुलाबी असलेलं बाळ घरी गेल्यावर निळं पडतं. म्हणून जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून बघतात. दोन्हीकडे रक्तातला ऑक्सिजन ९५ टक्के किंवा जास्त आणि दोन्हींत ३ पेक्षा जास्त फरक नाही, तर ठीक. कुठेही ९०च्या खाली असेल तर लगेच तपासणी. मधलं काही असेल तर तासाभराने पुन्हा. चाचणीला दोनच मिनिटं लागतात, दुखत नाही. तरी ती सगळे दोष पकडत नाही. घरी गेल्यावर बाळ दूध पिताना घामाघूम होत असेल, दर थोड्या वेळाने दमून थांबत असेल, श्वास भरभर घेत असेल किंवा जीभ निळी दिसत असेल, तर वाट बघू नये. नुसते तळहात-तळपाय निळसर असणं पहिल्या दिवसांत चालतं. जीभ निळी चालत नाही.

टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन केलेली चाचणी ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान करावी. थायरॉइड जन्मतः कमी असलेलं बाळ पाहता अगदी छान दिसतं. पण दोन आठवड्यांच्या आत गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी इतर मुलांसारखीच वाढते. महिने गेले तर गेलेलं परत येत नाही. गोळी चुरून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात द्यायची, पूर्ण बाटलीत मिसळायची नाही, कारण बाळाने बाटली अर्धी सोडली तर औषधही अर्धंच गेलं. लोह, कॅल्शियम आणि सोयाबीनचं दूध यांच्यासोबत ती नीट शोषली जात नाही. ऐकण्याची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि श्रवणयंत्र सहाव्यापर्यंत. आणि बहिरेपणामागे सीएमव्ही आहे का हे पाहायचं तर लघवी किंवा लाळ २१ दिवसांच्या आत तपासावी लागते. त्यानंतर विषाणू सापडला तरी तो गर्भातला की नंतरचा हे सांगता येत नाही.

क्लबफूटवर जरा थांबतो, कारण कुटुंबाच्या हातात इतकं काही असलेलं दुसरं व्यंग क्वचितच असेल. पाऊल आत वळलेलं, टाच वर ओढलेली, तळव्याला खोल खळगा. पूर्वी मोठी शस्त्रक्रिया करत, आणि तिशीत ते पाय ताठर आणि दुखरे होत. इग्नासिओ पोन्सेटी यांनी अमेरिकेत आयोवा इथे प्लास्टरची जी पद्धत बसवली, तिने दहापैकी नऊहून अधिक पाय मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात करता येते. दर आठवड्याला डॉक्टर पाऊल हलक्या हाताने ताणतात आणि बोटांपासून जांघेपर्यंत, गुडघा ९० अंशांत वाकवून, प्लास्टर घालतात. गुडघ्याखालीच थांबलेलं प्लास्टर घसरतं आणि त्यात पाऊल फिरतं. क्रम ठरलेला असतो. आधी खळगा जातो. मग अंगठा पावलाच्या बाहेरच्या बाजूला, घोट्याच्या हाडाच्या डोक्यावर टेकवून सबंध पाऊल बाहेर फिरवतात. टाचेला हात लावायचा नाही, ती मागोमाग आपोआप येते. टाच खाली आणणं सर्वांत शेवटी. ते आधी जोर लावून केलं तर पाऊल मधोमध मोडल्यासारखं होतं आणि तळवा होडीच्या बुडासारखा फुगतो. पाच ते सात प्लास्टरांनंतर पाऊल बाहेरच्या दिशेला ६० ते ७० अंश वळायला लागलं की बहुतेक बाळांत टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) जागा बधिर करून छोट्या छेदातून कापतात आणि शेवटचं प्लास्टर तीन आठवडे ठेवतात. तेवढ्यात शीर पुन्हा जुळते, पुरेशा लांबीची होऊन.

प्लास्टर असताना घरी बघायचं ते बोटांकडे. अंगठा दाबला की पांढरा होतो, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. बोटं सुजली, निळी पडली किंवा प्लास्टरच्या आत दिसेनाशी झाली तर त्याच दिवशी जावं. बोटं आत गेली म्हणजे प्लास्टर खाली घसरलंय, आणि घसरलेलं प्लास्टर फायद्याऐवजी तोटा करतं. प्लास्टर घरीच भिजवून काढायला सांगितलं असेल तर आदल्या रात्री काढू नये. एका रात्रीत पाऊल मागे फिरतं.

खरी कसोटी त्यानंतर सुरू होते. पाऊल सरळ दिसतं, घरचे खूश होतात, आणि हातात दिला जातो एक दांडा, त्याला दोन बूट जोडलेले. दांड्याची लांबी बाळाच्या खांद्यांइतकी, दोष असलेल्या पायाचा बूट ६० ते ७० अंश बाहेर, दुसरा ३० ते ४०. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, नंतर रात्री आणि दुपारच्या झोपेत, चार वर्षांचं होईपर्यंत. पाऊल पुन्हा वळण्याचं सगळ्यांत मोठं कारण हा ब्रेस न घालणं हेच आहे. पहिल्या दोन-तीन रात्री बाळ रडतं, कारण त्याला एकेक पाय वेगळा हलवता येत नाही. दांडा धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवायचा-सरळ करायचा खेळ घेतला की त्याला युक्ती सापडते. टाचेला फोड आला तर बहुतेक वेळा पट्टा घट्ट नसून सैल असतो, टाच आत वर-खाली घासत असते. मधला पट्टा एक भोक आवळावा आणि बुटाच्या मागच्या भोकातून टाच खाली टेकलेली दिसते का ते पाहावं. लाल डाग काही वेळात जात असेल तर चिंता नाही. त्यावर मलम किंवा लोशन चोळू नये, त्वचा मऊ पडून आणखी सोलते. रडतंय म्हणून एक रात्र सूट दिली की बाळाला कळतं, रडलं की सुटतं. कठोर वाटेल, पण या बाबतीत मायेपेक्षा सवय मुलाच्या जास्त कामाची आहे.

दुभंगलेल्या टाळूच्या बाळाची पहिली अडचण दिसण्याची नसून भुकेची असते. टाळूत फट असल्यावर तोंडात निर्वात पोकळी तयार होत नाही, त्यामुळे बाळ चोखतं पण दूध येत नाही. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बरीच बाळं अंगावर पितात. टाळूही असेल तर दूध काढून मऊ, दाबता येणाऱ्या बाटलीने द्यावं लागतं. बाळाला उभट, किमान ४५ अंशांत धरावं, बाटलीचं बोंड फट नसलेल्या बाजूला जिभेवर ठेवावं आणि बाळाने जबडा हलवला की बाटली हलकेच दाबावी, थांबलं की सोडावी. सतत दाबत राहिलं तर ठसका लागतो. नाकातून दूध आलं तर घाबरू नये: थांबावं, बाळाला उभट धरावं, पुसून पुन्हा सुरू करावं. ही बाळं हवा फार गिळतात, म्हणून ढेकर मध्ये-मध्ये दोन-तीनदा काढावी. एक वेळचं दूध अर्ध्या तासात संपायला हवं. तासभर लागत असेल तर बाळ जेवढं पितं तेवढं पिण्यातच खर्च करतं. पहिल्या महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वजन वाढतंय का यावरच सगळं ठरतं, कारण तीन ते सहा महिन्यांत होणारी ओठाची शस्त्रक्रिया वजनाची वाट बघत असते. टाळू साधारण ९ ते १८ महिन्यांत शिवतात, शब्द नीट फुटायच्या सुमारास. या मुलांच्या मधल्या कानात जवळजवळ हमखास पाणी साठतं, त्यामुळे बोलणं अस्पष्ट असेल तर आधी कान तपासावेत. हिरडीत हाडाचा भराव ८ ते ११ वर्षांच्या दरम्यान, सुळा उतरण्याआधी. म्हणजे ही दहा-बारा वर्षांची वाटचाल आहे, आणि ओठ शिवल्यावर "झालं आता" म्हणून भाषोपचार सोडून देणाऱ्या घरांतली मुलं शाळेत गप्प बसायला शिकतात.

मज्जानलिका न मिटल्यामुळे पाठीवर उघडी गाठ घेऊन आलेल्या बाळाला पालथं ठेवून गाठीवर निर्जंतुक सलाइनने ओली केलेली पट्टी ठेवतात आणि साधारण पहिल्या दोन-तीन दिवसांत ती बंद करतात. पुष्कळांना डोक्यातलं पाणी उतरवायला शंट लागतो, म्हणजे ते पाणी शरीरात दुसरीकडे नेणारी बारीक नळी. पुढचं आयुष्य ठरवतं ते मात्र बहुतेक वेळा मूत्राशय. लघवी थेंब थेंब गळते, म्हणून घरच्यांना वाटतं मूत्राशय रिकामं होतंय. प्रत्यक्षात ते भरलेलंच असतं आणि दाब उलटा मूत्रपिंडांवर जातो. १९७२ साली मिशिगनचे जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की दर काही तासांनी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामं करणं पुरेसं आहे, निर्जंतुक सोहळ्याची गरज नाही. हात साबणाने धुवायचे, जागा पुसायची, नळीला जेल लावून लघवी येईपर्यंत सरकवायची, थांबेपर्यंत धरायची, मग हळूहळू बाहेर काढताना पुन्हा थेंब आले तर तिथे थांबायचं. दिवसा दर तीन-चार तासांनी. सहा-सात वर्षांची पुष्कळ मुलं हे स्वतः शिकतात आणि शाळेत त्यांना फक्त कडी असलेलं स्वच्छतागृह आणि पाच मिनिटं लागतात. नळी, हातमोजे, फुगे लॅटेक्सचे नसावेत. या मुलांना त्याची अ‍ॅलर्जी होण्याचं प्रमाण फार जास्त आहे. पायाला संवेदना नसते, म्हणून रोज संध्याकाळी तळवे, टाचा आणि बसायची जागा आरशात पाहावी, आंघोळीचं पाणी आधी मोठ्याने हाताने बघावं.

डाउन सिंड्रोमच्या बाळाला जन्मल्यावर हृदयाची इको तपासणी लागतेच, हृदयाचा जादा आवाज डॉक्टरांना ऐकू येवो वा न येवो, कारण जवळजवळ निम्म्यांना हृदयदोष असतो. थायरॉइड दरवर्षी, कान आणि डोळे ठरलेल्या वेळी. आईचं वय वाढलं की डाउनची शक्यता वाढते हे खरं, पस्तिशीत साधारण ३५० मध्ये एक आणि चाळिशीत १०० मध्ये एक. तरीही यातली बरीचशी बाळं तरुण आयांना होतात, कारण मुळात मुलं जास्त तरुण वयात होतात. बहुतेक वेळा हे आईवडिलांपैकी कुणाकडून आलेलं नसतं. थोड्यांमध्ये गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो, आणि तेव्हा आईवडिलांची तपासणी पुढच्या बाळासाठी महत्त्वाची ठरते. गुणसूत्रांचा अहवाल म्हणूनच जपून ठेवावा, "डाउन आहे" एवढंच लक्षात ठेवून भागत नाही.

कागदांचा विषय निघालाच आहे तर ते काम पहिल्या दिवसापासून सुरू करावं. एक फाइल: कुठली शस्त्रक्रिया कधी झाली, भूल देताना काही त्रास झाला का, कुठली औषधं किती मात्रेत, कशाची अ‍ॅलर्जी. शंट असलेल्या मुलाचा, ते बरं असतानाचा, मेंदूचा एक स्कॅन त्यात हवाच. मध्यरात्री उलट्या, डोकेदुखी आणि गुंगी घेऊन मूल रुग्णालयात पोचतं तेव्हा शंट तुंबला का हे ठरवायला डॉक्टरांना तुलना लागते, नुसता त्या रात्रीचा स्कॅन पुरत नाही. बारा वर्षांच्या पुढे ही फाइल हळूहळू मुलाच्या हाती द्यावी. तपासणीला गेल्यावर पहिली पाच मिनिटं त्यानेच बोलावं: आपल्याला काय आहे, कुठली गोळी किती घेतो, नळी किती वेळाने, शेवटची शस्त्रक्रिया कधी. आईने मध्ये बोलायचं नाही, चुकलं तर शेवटी दुरुस्त करायचं. अठराव्या वर्षी बालरोग विभाग त्याला मोठ्यांच्या विभागाकडे पाठवतो आणि तिथे त्याला ओळखणारं कुणी नसतं. त्याच्या आधी सहा वर्षं हा सराव झालेला असावा.